जावक मेलचा सर्व्हर: निवड, जोडणी आणि तपासणी

आवक मेल बंद पडली की तासाभरात कोणीतरी ओरडतं. जावक बिघडलेली मात्र महिनाभर लक्षात येत नाही. देखभाल खर्चाची बिलं ‘सेंट’मध्ये व्यवस्थित दिसतात, सभासदांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात आणि ‘आम्हाला बिल आलंच नाही’ हे वार्षिक सभेत ऐकावं लागतं. म्हणून जावक सर्व्हर निवडताना दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात: त्या सर्व्हरला तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे का, आणि समोरच्या सर्व्हरला ती परवानगी तपासता येते का. पुढचं बहुतेक काम याच दोन प्रश्नांभोवती फिरतं.

ही माहिती स्वतःचं डोमेन असलेल्या लहान संस्थेसाठी आहे: गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, शाळा, सात-आठ माणसांचं ऑफिस. सर्व्हरची नावं, आज्ञा आणि डीएनएसच्या (डोमेनची माहिती जगाला सांगणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रात भरताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या.

आधी यादी करा

मेल कुठून कुठून निघते ते कागदावर लिहून काढा. माणसांचे फोन, आउटलुक, थंडरबर्ड हे लक्षात असतंच. विसरतात ते हे: टॅलीतून जाणारी बिलं, झेरॉक्स मशीनचं ‘स्कॅन टू ईमेल’, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बॅकअप झाला की नाही ते कळवणारा कॉम्प्युटर. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा. ‘फ्रॉम’मध्ये कोणता पत्ता दिसतो, आज कोणता सर्व्हर वापरला जातो आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती मेल जातात. हा शेवटचा आकडा महिन्याच्या सरासरीवरून काढू नका. दोनशे सभासदांची बिलं एकाच संध्याकाळी निघतात आणि मर्यादा त्याच संध्याकाळी आडवी येते.

कोणता सर्व्हर घ्यावा

ज्या कंपनीकडे तुमच्या मेलबॉक्स आहेत, तिचाच जावक सर्व्हर वापरणं हा बहुतेक लहान संस्थांसाठी योग्य मार्ग आहे. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल या तिघांकडे ही सोय आहे. वेगळा खर्च नाही, पाठवलेल्या मेलची प्रत बहुधा ‘सेंट’मध्ये राहते आणि सर्व्हरच्या आयपीची (इंटरनेटवरच्या क्रमांकी पत्त्याची) पत राखायची जबाबदारी त्यांच्यावर असते. मर्यादा मात्र नीट समजून घ्या. साध्या, फुकट जीमेलला दिवसाला ५०० आणि वर्कस्पेसच्या एका खात्याला २,००० अशी मर्यादा आहे. ती ओलांडली की पाठवणं २४ तासांपर्यंत बंद होऊ शकतं आणि तेवढ्या वेळात त्या खात्यातून साधं उत्तरही देता येत नाही. त्यामुळे बिलांसाठी अध्यक्षांचं किंवा सचिवांचं खातं वापरू नका, वेगळं खातं ठेवा. मोजणी फक्त मेलची नाही, प्राप्तकर्त्यांचीही होते. एका मेलमध्ये शंभर पत्ते घातले तर शंभर मोजले जातात.

दुसरा पर्याय फक्त पाठवण्याचं काम करणाऱ्या सेवांचा. अ‍ॅमेझॉन एसईएस, मेलगन, पोस्टमार्क, ब्रेव्हो ही त्यातली प्रचलित नावं. रोज हजारो पावत्या, ओटीपी, निकाल पाठवायचे असतील तर इकडेच यावं लागतं. एसईएसचं मुंबईत केंद्र आहे आणि मूळ दर हजार मेलला १० अमेरिकी सेंट आहे. नवीन खातं मात्र ‘सँडबॉक्स’मध्ये असतं: २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, आणि त्याही फक्त आधी पडताळलेल्या पत्त्यांवर. बाहेर पडण्यासाठी कशा प्रकारची मेल पाठवणार, पत्ते कुठून मिळवले आणि परत आलेल्या मेलचं काय करणार हे लिहून अर्ज करावा लागतो. निकाल लावायच्या आदल्या दिवशी खातं उघडणाऱ्यांची इथेच अडचण होते. निदान एक आठवडा हाताशी ठेवा.

होस्टिंग कंपनीने वेबसाइटबरोबर दिलेला सर्व्हर हा तिसरा पर्याय. स्वस्त आहे, पण एकाच आयपीवरून शेकडो वेबसाइटची मेल जाते. त्यातल्या एखाद्या वेबसाइटचं वर्डप्रेस कोणी फोडलं आणि तिथून स्पॅम निघालं, की त्या आयपीवरच्या सगळ्यांची मेल अडकते. पैशांशी संबंधित मेलसाठी हा सर्व्हर वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वतःचा सर्व्हर उभारून त्यावरून थेट जगाला मेल पाठवणं हा चौथा मार्ग. शिकण्यासाठी उत्तम, ऑफिसच्या कामासाठी टाळावा. सर्व्हर-सर्व्हरमधली मेल पोर्ट २५ वरून जाते (पोर्ट म्हणजे सर्व्हरचा क्रमांक दिलेला दरवाजा) आणि अ‍ॅमेझॉन, गूगल क्लाउड यांच्यावर बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळातच बंद असतो. घरगुती ब्रॉडबँडचे बदलते आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या ‘पीबीएल’ यादीत असतात. ही यादी गुन्हेगारांची नाही, ज्या आयपीवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही अशांची आहे, पण परिणाम तोच होतो. शिवाय आयपीची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, सर्व्हरच्या नावाशी जुळावी लागते, आणि ती नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये करता येत नाही. ज्याने आयपी दिला त्याच्याकडूनच ती करून घ्यावी लागते.

पोर्टचा गोंधळ

तुमच्या प्रोग्रॅमने जावक सर्व्हरला मेल द्यायची ती पोर्ट ४६५ किंवा ५८७ वरून. दोन्ही सुरक्षित आहेत, फरक सुरुवातीचा आहे. ४६५ वर पहिल्या क्षणापासून टीएलएस, म्हणजे संभाषण गुप्त ठेवणारी पद्धत, सुरू असतं. प्रोग्रॅममध्ये याला ‘एसएसएल’ किंवा ‘एसएसएल/टीएलएस’ म्हणतात. ५८७ वर संभाषण साध्या मजकुरात सुरू होतं आणि ‘स्टार्टटीएलएस’ या आज्ञेनंतर ते गुप्त होतं. २०१८ पासून इंटरनेटच्या मानकांमध्ये ४६५ ला पसंती दिलेली आहे. दोन्ही पर्याय असतील तर तोच घ्या.

जोडी चुकली की लक्षणं ठरलेली असतात. पोर्ट ४६५ आणि पर्याय ‘स्टार्टटीएलएस’ असेल तर दोन्ही बाजू एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसतात आणि मिनिटभराने ‘टाइमआउट’ येतो. पोर्ट ५८७ आणि पर्याय ‘एसएसएल’ असेल तर ‘राँग व्हर्जन नंबर’ किंवा ‘हँडशेक फेल्ड’ अशा अर्थाची चूक लगेच दिसते. ‘सिक्युरिटी: नन’ हा पर्याय कितीही सोपा वाटला तरी निवडू नका, पासवर्ड उघड्यावर जातो, आणि मोठे सर्व्हर तो घेतही नाहीत.

पोर्ट उघडा आहे का हे विंडोजमध्ये पॉवरशेलवरून कळतं: टेस्ट-नेटकनेक्शन एसएमटीपी.जीमेल.कॉम -पोर्ट ५८७. उत्तरात ‘टीसीपीटेस्टसक्सीडेड’पुढे ‘ट्रू’ आलं तर वाट मोकळी आहे. ‘फॉल्स’ आलं तर पासवर्ड बदलत बसू नका, फायरवॉल किंवा इंटरनेट देणाऱ्याकडे बघा. वाट मोकळी असूनही सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तक्रार येत असेल तर अँटीव्हायरसमधली मेल तपासणी थोडा वेळ बंद करून पाहा. काही अँटीव्हायरस मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतात.

नावं आणि पासवर्ड

जीमेल आणि वर्कस्पेस: एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ४६५ एसएसएलसह किंवा ५८७ स्टार्टटीएलएससह. युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता. नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. साध्या जीमेलसाठी ही सोय गूगलने मे २०२२ अखेर बंद केली, नंतर वर्कस्पेससाठीही केली. आउटलुक, थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम गूगलचं लॉगिनचं पान उघडून परवानगी घेतात, तिथे काही करायचं नसतं. टॅली, झेरॉक्स मशीन, डीव्हीआर यांना ते जमत नसेल तर ‘अ‍ॅप पासवर्ड’ लागतो. खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, मग अ‍ॅप पासवर्ड तयार करा. १६ अक्षरं मिळतात, ती मधल्या मोकळ्या जागा न ठेवता भरा. प्रत्येक यंत्राला वेगळा अ‍ॅप पासवर्ड द्या आणि त्याला यंत्राचंच नाव द्या, म्हणजे मशीन विकलं किंवा कर्मचारी सोडून गेला तर तेवढाच रद्द करता येतो. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी: गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की त्या खात्याचे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. ‘काल सगळं चालू होतं, आज स्कॅनर आणि टॅली दोन्ही बंद’ याचं कारण अनेकदा हेच असतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५: एसएमटीपी.ऑफिस३६५.कॉम, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस. वैयक्तिक आउटलुक.कॉम आणि हॉटमेल खात्यांवर साधा पासवर्ड सप्टेंबर २०२४ पासून चालत नाही. संस्थांच्या खात्यांवरही ही सोय काढून टाकण्याचं धोरण जाहीर झालेलं आहे. त्यामुळे जुनं यंत्र जोडायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साध्या पासवर्डवर नवी व्यवस्था उभी करू नका.

झोहो: खातं भारतातल्या केंद्रावर असेल तर नावाच्या शेवटी ‘.इन’ येतं, ‘.कॉम’ नाही. स्वतःच्या डोमेनसाठी एसएमटीपीप्रो.झोहो.इन, वैयक्तिक खात्यासाठी एसएमटीपी.झोहो.इन. चुकीच्या केंद्राचं नाव भरलं तर पासवर्ड बरोबर असूनही ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतं, आणि माणूस तासभर पासवर्डच तपासत राहतो.

एसईएस: ईमेल-एसएमटीपी.एपी-साउथ-१.अ‍ॅमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम. इथला युजरनेम-पासवर्ड एसईएसच्या पानावरून वेगळा तयार करायचा असतो. अ‍ॅमेझॉनची नेहमीची अ‍ॅक्सेस की आणि सिक्रेट की जशीच्या तशी भरून चालत नाही.

डीएनएसच्या तीन नोंदी

खरी मेहनत इथे आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. आधी एक खात्री करा: डोमेन जिथून विकत घेतलं तिथेच त्याचे नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) असतात असं नाही. वेबसाइट बनवणाऱ्याने ते होस्टिंगवर किंवा क्लाउडफ्लेअरवर नेलेले असू शकतात. पॉवरशेलमध्ये ‘एनएसलुकअप -टाइप=एनएस’ आणि पुढे डोमेनचं नाव लिहून विचारा. उत्तरात ज्यांची नावं येतील त्यांच्याच पॅनेलमध्ये नोंदी भरायच्या. दुसरीकडे भरलेली नोंद जगाला कधीच दिसत नाही.

पहिली नोंद एसपीएफ. माझ्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची ती यादी असते. डोमेनच्या मुळाशी एक टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद लागते, वर्कस्पेससाठी ती अशी: व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल. एसईएसही वापरत असाल तर दुसरी नोंद जोडू नका. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन असल्या की दोन्ही बाद. त्याच ओळीत ‘~ऑल’च्या आधी दुसरं ‘इन्क्लूड’ घाला. दुसरी मर्यादा १० शोधांची. प्रत्येक ‘इन्क्लूड’, ‘ए’, ‘एमएक्स’ एक शोध धरला जातो आणि ‘इन्क्लूड’च्या आत दडलेले ‘इन्क्लूड’ही मोजले जातात. चार-पाच सेवा जोडल्या की आकडा सहज पुढे जातो आणि मग तपासणी ‘पर्मएरर’, म्हणजे कायमची चूक, देते. जुन्या, वापरात नसलेल्या सेवा काढून टाका.

एसपीएफ ‘फ्रॉम’मध्ये दिसणारा पत्ता तपासत नाही. मेलला दोन पत्ते असतात, पत्रावरचा आणि पाकिटावरचा. ‘फ्रॉम’मध्ये वाचणाऱ्याला दिसतो तो पत्रावरचा. पाकिटावरचा ‘रिटर्न-पाथ’मध्ये असतो, परत येणारी मेल तिथे येते, आणि एसपीएफ हा दुसरा तपासतं. पाठवण्याच्या सेवा पाकिटावर स्वतःचं डोमेन लिहितात, त्यामुळे एसपीएफ पास झालं तरी ते तुमच्या डोमेनचं नसतं. एसईएसमध्ये ‘कस्टम मेल फ्रॉम’ म्हणून एक उपडोमेन बांधून ही फट बुजवता येते.

दुसरी नोंद डीकेआयएम. पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर खासगी किल्लीने सही करतो आणि ती सही तपासण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. सभासदाने जुना पत्ता नव्या जीमेलवर फॉरवर्ड करून ठेवलेला असेल तर वाटेत एसपीएफ तुटतं, डीकेआयएम सहसा टिकतं. दोन्हींपैकी हे जास्त भरवशाचं आहे. वर्कस्पेसमध्ये अ‍ॅडमिन कन्सोलवर अ‍ॅप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, ‘ऑथेंटिकेट ईमेल’ या वाटेने जा, २०४८ बिटांची किल्ली तयार करा आणि नोंद भरा: नाव गूगल._डोमेनकी, प्रकार टीएक्सटी. नोंद दिसू लागली की परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं असतं. हे शेवटचं बटण राहून जातं, आणि नोंद बरोबर असूनही मेल सहीशिवाय जात राहते. मायक्रोसॉफ्ट दोन आणि एसईएस तीन सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या) नोंदी देतं.

दोन खड्डे नेहमीचे. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव भरलं तर बरीच पॅनेलं मागे डोमेन पुन्हा चिकटवतात आणि डोमेन दोनदा आलेली निरुपयोगी नोंद तयार होते. आणि २०४८ बिटांची किल्ली एका टीएक्सटी तुकड्याच्या २५५ अक्षरांत मावत नाही. पॅनेल आपोआप तोडत नसेल तर अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून शेजारी-शेजारी लिहावे लागतात. अर्धवट कापलेली किल्ली वरवर बघून ओळखू येत नाही, म्हणून भरलेली किल्ली आणि मूळ किल्ली यांची शेवटची दहा अक्षरं ताडून पाहा.

तिसरी नोंद डीमार्क. पत्रावरचं डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एकाच्या डोमेनशी जुळलं पाहिजे, आणि जुळलं नाही तर काय करायचं, हे ती सांगते. नाव _डीमार्क, सुरुवातीचा मजकूर: व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू: आणि पुढे अहवाल घ्यायचा पत्ता. ‘नन’ म्हणजे काही अडवू नका, फक्त कळवा. रोज कॉम्प्रेस केलेल्या एक्सएमएल फाइल येऊ लागतात. त्या वाचून दाखवणाऱ्या फुकट सेवा आहेत. तीन-चार आठवडे बघा. यादीत न लिहिलेली यंत्रं इथे हमखास सापडतात. सगळी वैध मेल पास होऊ लागली की ‘पी=क्वारंटाइन’ करा, आणखी महिनाभराने ‘पी=रिजेक्ट’. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं तर विसरलेल्या यंत्राची मेल थेट बाद होते.

हे सगळं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. दिवसाला ५,००० च्या पुढे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव कमी करायची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांना असेच नियम लावले आहेत. आणि ‘फ्रॉम’मध्ये जीमेलचा किंवा याहूचा पत्ता ठेवून दुसऱ्याच सर्व्हरवरून मेल पाठवणं पूर्ण थांबवा. याहूने २०१४ मध्येच आपल्या डोमेनला ‘रिजेक्ट’ लावलं आहे.

झेरॉक्स मशीन आणि स्कॅनर

मशीनच्या वेब पानावर सर्व्हर, पोर्ट, टीएलएस, युजरनेम, अ‍ॅप पासवर्ड भरा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता युजरनेमचाच ठेवा. तरीही जात नसेल तर याच क्रमाने बघा. मशीनला आयपी हाताने दिला असेल तर डीएनएसचा रकाना रिकामा राहिलेला असतो आणि सर्व्हरचं नावच सापडत नाही. मशीनचं घड्याळ मागे पडलेलं असेल तर प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ ठरतं. मशीन जुनं असेल तर त्याला टीएलएस १.० च्या पुढचं येत नाही. आधी फर्मवेअर अपडेट शोधा, नाही मिळालं तर ‘स्कॅन टू फोल्डर’ वापरा किंवा खाली सांगितल्याप्रमाणे ऑफिसातच एक मधला सर्व्हर ठेवा. ऑफिसला स्थिर आयपी असेल आणि वर्कस्पेस घेतलेलं असेल तर एसएमटीपी-रिले.जीमेल.कॉम हा आणखी चांगला पर्याय आहे. तिथे आयपीवरून ओळख पटवता येते, मशीनमध्ये पासवर्ड ठेवावा लागत नाही.

आकाराचंही बघा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडपत्र मेलमध्ये जाताना साधारण एक-तृतीयांशाने फुगतं. त्यामुळे १८ एमबीच्या पुढची फाइल धोक्यात असते. कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतो. ६०० ठेवला की वीस पानांचा करारनामा अडकतो.

वेबसाइटचा फॉर्म

फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालायची जुनी पद्धत आता चालत नाही. तुमचा सर्व्हर जीमेलच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या नावाने बोलतो आहे असं त्यातून दिसतं आणि डीमार्क ते अडवतं. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा, चौकशी करणाऱ्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये. वर्डप्रेसमध्ये एसएमटीपीचं (मेल पाठवण्याच्या पद्धतीचं) प्लगइन घालून मेल वर निवडलेल्या सर्व्हरकडून पाठवा.

सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावर एक फसवी चूक होते. मेलबॉक्स गूगलकडे असतात, वेबसाइट होस्टिंगवर, आणि फॉर्मची मेल बाहेरच्यांना जाते पण ऑफिसच्या स्वतःच्या पत्त्यावर कधीच येत नाही. होस्टिंगच्या सर्व्हरला वाटतं की हे डोमेन आपलंच आहे, म्हणून तो ती स्वतःकडेच ठेवून घेतो. ‘ईमेल राउटिंग’मध्ये ‘रिमोट मेल एक्सचेंजर’ निवडा.

लिनक्सवर पोस्टफिक्स, फक्त पुढे देण्यासाठी

बॅकअपचे इशारे, जुना स्कॅनर, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम या सगळ्यांसाठी एक पोस्टफिक्स पुरतो. तो मेल घेतो, रांगेत ठेवतो आणि निवडलेल्या सर्व्हरला देतो. मधे इंटरनेट गेलं तरी मेल हरवत नाही. डेबियन किंवा उबंटूवर पोस्टफिक्स आणि लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स ही दोन पॅकेजं टाका, विचारल्यावर ‘सॅटेलाइट सिस्टिम’ निवडा. मग मेन.सीएफ या फाइलमध्ये:

रिलेहोस्ट = [एसएमटीपी.जीमेल.कॉम]:५८७
एसएमटीपी_एसएएसएल_ऑथ_एनेबल = येस
एसएमटीपी_एसएएसएल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/एसएएसएल_पासडब्ल्यूडी
एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअ‍ॅनॉनिमस
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एन्क्रिप्ट
आयनेट_इंटरफेसेस = लूपबॅक-ओन्ली

चौकटी कंस महत्त्वाचे आहेत. ते नसले तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (आवक मेल घेणारा सर्व्हर) शोधतो आणि भलत्याच सर्व्हरकडे जातो. पासवर्डच्या फाइलमध्ये एकच ओळ असते: आधी रिलेहोस्ट कंस आणि पोर्टसह अगदी तसाच, मग एक जागा सोडून पत्ता:पासवर्ड. दोन ठिकाणच्या लिखाणात एका अक्षराचा फरक असला तरी पोस्टफिक्स पासवर्ड देतच नाही आणि ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ येतं. फाइल वाचायचा हक्क फक्त रूटला ठेवा, म्हणजे ६००, त्यावर पोस्टमॅप चालवा, तयार झालेल्या डीबी फाइलचे हक्कही तसेच करा, मग पोस्टफिक्स रीलोड करा.

स्कॅनरसाठी वापरायचा असेल तर आयनेट_इंटरफेसेसमध्ये ‘लूपबॅक-ओन्ली’ऐवजी १२७.०.०.१ आणि या मशीनचा ऑफिसच्या नेटवर्कमधला आयपी लिहा, आणि मायनेटवर्क्समध्ये (कोणाकडून मेल घ्यायची ती यादी) फक्त ऑफिसच्या नेटवर्कचा पट्टा लिहा. राउटरवरून या सर्व्हरचा पोर्ट बाहेर कधीही उघडू नका. उघडा सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांना काही तासांत सापडतो. मायडेस्टिनेशनमध्ये (कोणत्या डोमेनची मेल इथेच ठेवायची ती यादी) संस्थेचं डोमेन येऊ देऊ नका, नाहीतर सीपॅनेलसारखंच होतं: सहकाऱ्यांची मेल त्याच मशीनवर साचते. आपोआप निघणारे इशारे रूट@यंत्राचंनाव अशा पत्त्यावरून जातात आणि पुढचे बरेच सर्व्हर ते नाकारतात; एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स वापरून त्यांना खरा पत्ता द्या. रांग मेलक्यू या आज्ञेने दिसते, अडकलेली मेल पोस्टक्यू -एफने पुन्हा ढकलता येते. न जाणारी मेल पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करून मग परत करतो.

तपासणी आणि चुकांचे आकडे

एक मेल जीमेलवर, एक आउटलुकवर, एक याहूवर पाठवा. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांखालचं ‘शो ओरिजिनल’ दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ हवं, आणि डीकेआयएमपुढे तुमचंच डोमेन दिसायला हवं. ही तपासणी यादीतल्या प्रत्येक यंत्रासाठी वेगळी करा. आउटलुकवरून पास झालं म्हणजे टॅलीवरूनही होईल असं नाही.

सर्व्हरचं उत्तर ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, पुन्हा प्रयत्न होईल. ५ ने सुरू होत असेल तर काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय मेल जाणार नाही. ४५१ म्हणजे बऱ्याचदा अनोळखी सर्व्हरला थोडा वेळ थांबवून ठेवणं, वाट बघा. ४२१ घाईने खूप मेल पाठवल्यावर येतो, वेग कमी करा. ५३० म्हणजे आधी स्टार्टटीएलएस किंवा लॉगिन हवं. ५३४ आला तर गूगलला अ‍ॅप पासवर्ड हवा आहे, ५३५ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चूक. ५५० ५.१.१ म्हणजे तो पत्ताच अस्तित्वात नाही. यादीतून त्याच दिवशी काढा, कारण बंद पत्त्यांवर पाठवत राहणं हे स्पॅम पाठवणाऱ्याचं लक्षण मानलं जातं. एसईएस परत येणाऱ्या मेलचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीखाली घेतं. ५५० ५.७.२६ म्हणजे एसपीएफ-डीकेआयएम नाही किंवा जुळत नाही. ५५४ ५.७.१ ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणजे लॉगिन न करताच बाहेरच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं. ५५२ म्हणजे आकार जास्त.

मराठी मजकूर

विषय किंवा पाठवणाऱ्याचं नाव मराठीत असेल तर प्रोग्रॅमचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याची खात्री करा. विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनेच देवनागरी गमावलेली असते, सर्व्हर बदलून फरक पडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सूचना मेलमध्ये चिकटवली तर वाचणाऱ्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो; आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर पीडीएफ करून जोडा. जुन्या स्कॅनरमध्ये आणि हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं बरं, देवनागरी नाव वाटेत मोडतं आणि फाइल कोणत्या प्रकारची आहे हेच फोनला कळत नाही.

‘.भारत’ हा शेवट असलेलं देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि @ च्या आधीचा भागही देवनागरीत असलेले पत्ते तयार करता येतात. अशा पत्त्यावर पाठवायचं तर जावक सर्व्हरला आणि समोरच्यालाही ‘एसएमटीपीयूटीएफ८’ यायला हवं. जीमेलला येतं, झेरॉक्स मशीनला आणि बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमना येत नाही. सभासदाने असा पत्ता दिला तर त्याच्याकडून एक इंग्रजी अक्षरांतला पर्यायी पत्ताही नोंदवून घ्या आणि बिलं त्यावर पाठवा.